पालथा राहिलेला हात

माझा उजवा हात मोडला तो माघ महिन्यात, सकाळच्या ओहोटीला.

श्रीवर्धनपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर एक बंदरगाव आहे. तिथल्या दवाखान्यात मी सुईणीचं काम करत होते. माझे वडील अलिबागेला कंपाउंडर. त्यांनीच मला मुंबईला पाठवून सुईणपणाची परीक्षा द्यायला लावली, म्हणून गावात मला नर्सबाई म्हणत. माझे यजमान मुंबईत एका छापखान्यात खिळे जुळवण्याचं काम करायचे. होळीला आणि गणपतीला घरी यायचे. घरी मी, सासूबाई आणि सहा वर्षांची कुसुम.

त्या दिवशी खाडीपलीकडच्या वाडीतला एक माणूस बोलावायला आला. त्याची बायको दोन दिवस अडली होती. होडी काठापर्यंत जाईना, इतकं पाणी ओसरलेलं. मी दगडांवरून चालत निघाले. डाव्या हाताने लुगडं सावरलेलं, उजव्या हातात पिशवी. शेवाळावरून पाय सटकला. पिशवीतल्या बाटल्या फुटू नयेत म्हणून मी हात वर घेतला आणि तो तसाच दगडाच्या कडेवर आपटला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. तो माणूस पुढे चालला होता, त्यालाही आला असावा. तो थांबला आणि मागे वळला.

"नर्सबाय, परत जायाचं का?" त्याने विचारलं. पण विचारताना त्याचं तोंड असं झालं होतं की मी पदराने हात छातीशी बांधला आणि म्हटलं, "चला."

त्या घरात गावची म्हातारी सुईण बसली होती. मी बाळंतिणीच्या उशाशी टेकले आणि एकेक गोष्ट सांगत गेले, म्हातारी करत गेली. मूल पायाळू होतं. दुपार टळता टळता ते रडलं. मी अंगणात जाऊन ओकले आणि मग मला काही आठवत नाही.

हाताला लगेच इलाज झाला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मी पुढे हजारदा स्वतःला विचारला. 

*

आता जी चूक सांगते ती माझी आहे. दुसऱ्या कोणाची नाही.

आमचे डॉक्टर मुलीच्या लग्नासाठी महिन्याच्या रजेवर गेले होते. कंपाउंडर म्हणाला, "बाई, तुम्हालाच जास्त कळतं." मग मीच डाव्या हाताने उजवा हात चाचपला. करंगळीच्या बाजूचं हाड कोपराखाली चार बोटांवर मोडलं होतं. मोड हाताला लागत होती, ती सापडली आणि मी तिथेच थांबले. कोपर सुजून भोपळ्यासारखं झालं होतं, पण पडल्यावर सूज येणारच, असं म्हणून त्याच्याकडे मी पाहिलंच नाही. बोटं जड वाटत होती. तेही मी दुखण्यावर घातलं.

हाडं बसवणारे धोंडूआबा शेजारच्या गावात राहायचे. म्हातारा माणूस, गुरांची आणि माणसांची हाडं सारख्याच मायेने बसवायचा. मी त्यांना कुठे ओढायचं, कसं बांधायचं ते सांगितलं. त्यांनी तसंच केलं. बांबूच्या कांब्या लावून, अंड्याचा पांढरा बलक लावलेल्या फडक्याने हात गुंडाळला.

"कोपर लय सुजलंय," ते म्हणाले.

"उतरेल," मी म्हणाले.

*

चैत्राच्या सुरुवातीला कांब्या सोडल्या. हाड जुळलं होतं. हात सरळ दिसत होता. सासूबाईंनी दृष्ट काढली. मी घंगाळाशी तोंड धुवायला गेले आणि ओंजळ करायला लागले तर उजवा हात उताणा होईना.

किती जोर केला तरी तळवा जमिनीकडेच. डाव्या हाताने धरून फिरवायला गेले तर कोपरात आत काहीतरी आडवं येऊन थडकत होतं. बोटं मुडपलेली, ती वर उचलली जाईनात. त्या दिवशी जेवायला बसले. घास कसाबसा गोळा केला, पण हात तोंडापासून वीतभर खाली येऊन अडला. मी मान खाली नेली. तरी घास पोहोचला नाही. ताटात सांडला.

सासूबाई बघत होत्या.  

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांना सांगते. बाळंतिणीजवळ बसणारीचा हात उताणा व्हावाच लागतो. बाळाचं डोकं उताण्या तळव्यावर येतं. आत हात घालून मूल फिरवायचं तर मनगट दोन्हीकडे वळावं लागतं. माझा हात गेला म्हणजे नुसता हात गेला नव्हता. मी दुसरं काही शिकलेच नव्हते.

सासूबाईंनी एका चोळणाऱ्याला बोलावलं. त्याने गरम तेल लावून सात दिवस कोपर ओढलं, दाबलं. आठव्या दिवशी जे थोडंफार वाकत होतं तेही वाकेना. मी ओरडू नये म्हणून तोंडात पदराचा बोळा धरायचे. कुसुम माजघरात कानावर हात ठेवून बसायची.

दवाखान्यात माझ्या जागी तात्पुरती दुसरी नर्स आली. डॉक्टर भले माणूस. म्हणाले, "तुम्ही बऱ्या झालात की या." ते माझ्या हाताकडे न बघता म्हणाले.

जेवण डाव्या हाताने चाललं होतं. सासूबाई म्हणायच्या, "सूनबाय, तुला जेवायचं तर जेव, पन डाव्या हातानं कुनाला वाढू नको गो. देवाच्या पानाला तर नकोच." त्यांच्या दृष्टीने त्यात वावगं काही नव्हतं. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि नंतर दिवसदिवसभर पडवीत बसून राहायला लागले. कुसुमची वेणी घालता येईना. ती शेजारी जाऊन घालून घ्यायची आणि मला दाखवायला यायची नाही.

एका दुपारी मी पोफळीच्या बागेतल्या विहिरीच्या काठावर बराच वेळ उभी राहिले. हे लिहायला संकोच वाटतो. तरी लिहिते, कारण अशा दिवसांत माणसाच्या मनात जे येतं ते फक्त आपल्याच मनात आलं असं त्याला वाटतं. मी परत फिरले त्यात माझा काही मोठेपणा नाही. शेजारची बाई घागर आणि कळशी घेऊन आली आणि तिने विचारलं, "काय गो, पाणी काढून देऊ?" मी "हो" म्हटलं. तिने कळशी भरून माझ्या डाव्या हातात दिली. मग ती घरी न्यावी लागली.

*

वैशाखात धोंडूआबा आपणहून आले. पडवीत बसले, माझं कोपर हातात घेतलं आणि डोळे मिटून अंगठ्याने हळूहळू चाचपत राहिले.

"बाय," ते म्हणाले, "मोड जुळली, ती बराबर हाय. पन हितं वरती दुसऱ्या हाडाची गाठ जागा सोडून बसलीय. त्या दिवशीच सुटली असंल. सुजेत मला कळली न्हाय. मला तुझा हात सुधरायचा न्हाय."

"मग?"

"ममईला जा. आगबोटी बंद व्हायच्या आत जा. पावसाळा गेल्यावर जाशील तर कोन हात लावनार न्हाय."

मी तिथेच रडायला लागले. अडीच महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी हातात काय बिघडलंय ते सांगितलं होतं. आणि त्या म्हाताऱ्याने स्वतःची चूक माझ्या दारात येऊन कबूल केली होती. खरं तर ती माझी होती.

सासूबाईंचा विरोध होता. "थितं कापत्यात. कापायला कशाला जातीस? हाय तो हात तरी राहू दे." मी ऐकलं नाही. कुसुमला त्यांच्याजवळ ठेवून निघाले. श्रीवर्धनला किनाऱ्यावरून नेणाऱ्या पडावातून आगबोटीवर चढताना खलाशाने वर ओढायला हात पुढे केला. मी डावा पुढे केला. तो म्हणाला, "उजवा द्या बाई, पडाल."  माझ्या मागच्या, आमच्याच गावच्या बाईने त्याला सांगितलं, "तिचा हात गेलाय."

ते शब्द मी पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकले.

*

मुंबईच्या त्या इस्पितळात शिकताना मी तीन वर्षं काढली होती, पण उभ्याने. खाटेवर पडून तेच इस्पितळ वेगळं दिसतं. पहाटे पाचला तोंड धुवायचं तबक, मग ताप बघणारी नर्स, मग चहा, मग मोठे डॉक्टर येईपर्यंत अंगावरची चादर ताणून गप्प पडायचं. पूर्वी त्या चादरी मी ताणत असे.

क्ष-किरणांची काच मोठ्या डॉक्टरांनी खिडकीकडे धरली आणि मला जवळ बोलावलं. मी शिकलेली आहे हे त्यांना कळलं होतं. "हे जुळलेलं हाड. थोडं वाकडं जुळलंय," ते म्हणाले. "आणि हे अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं डोकं. हे इथे असायला हवं. ते इथे आहे." त्यांचं बोट काचेवर दीड इंच सरकलं. "एक हाड मोडतं तेव्हा कधीकधी दुसरं सांध्यातून निखळतं. फार क्वचित होतं. मोड दिसते, म्हणून निखळलेलं सुटून जातं. चांगल्या चांगल्या डॉक्टरांकडून सुटतं."

हे शेवटचं वाक्य ते माझ्यासाठी म्हणाले, हे मला समजलं.

"पहिल्या आठवड्यात आला असतात तर ते जागेवर बसवलं असतं. आता बसणार नाही. ते डोकं कापून काढावं लागेल. जुळलेलं हाड पुन्हा मोडून सरळ करायचं. त्या डोक्याखाली बोटं हलवणारी शीर दबली आहे, ती मोकळी करायची."

"मग हात वळेल?"

"काही वळेल."

"बोटं?"

"शीर जिवंत असेल तर. ते उघडल्यावरही सांगता येणार नाही."

क्लोरोफॉर्मची टोपी मी दुसऱ्यांच्या तोंडावर धरलेली होती. "मोठा श्वास घ्या, आकडे म्हणा," असं मी कित्येकांना सांगितलं होतं. माझ्या तोंडावर ती आली तेव्हा मी हात झाडायला लागले. दोघांनी मला धरलं. मी सहापर्यंत म्हटल्याचं नंतर कळलं.

*

शस्त्रक्रिया चांगली झाली. पाचव्या दिवशी ताप चढला.

सातव्या दिवशी मलमपट्टी सोडली तेव्हा वास मला आधी आला, डॉक्टरांना नंतर. त्या वासाचा अर्थ मला ठाऊक होता. जखमेत रबरी नळ्या घातल्या आणि दर दोन तासांनी त्यांतून औषधी पाणी सोडायला सुरुवात झाली. हात खांद्यापर्यंत तापलेला. काखेत गाठी. मी अर्धी शुद्धीत, अर्धी नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर रेवदंड्याची हिरूबाई होती. मासळी विकणारी कोळीण, होडीच्या काठावर पडून तिचं मांडीचं हाड मोडलं होतं. पायाला वजन टांगलेलं, त्यामुळे तिला उठता येत नव्हतं. पण हात लांब करून ती माझ्या तोंडापर्यंत चमचा पोहोचवायची. वॉर्डातल्या आया घाईत असत, पेज ठेवून जात. हिरूबाई पेज भरवायची.

"बाय गो, तोंड उघड. लाजतंस कशाला? मी काय तुझी सासू हाय?"

"नको वाटतं."

"तुला इचारलंय कोनी, हवं का नको?"

पेज बहुतेक माझ्या उशीवर सांडायची. तरी ती भरवायची.

दहाव्या दिवशी मोठे डॉक्टर माझ्या यजमानांना बाजूला घेऊन बोलले. पण माझ्या कानांवर आलं. पू थांबला नाही तर हात कोपराच्या वरून काढावा लागेल, नाहीतर विष अंगात भिनेल. कागदावर सही लागेल.

हे माझ्याजवळ येऊन बसले. छापखान्यातून तसेच आलेले, बोटांना शाई. "मी सही करतो," म्हणाले.

"नको."

"तू वाचली पाहिजेस."

"हात काढलात तर मला घरी नेऊ नका. मी काय करू तिकडे येऊन?"

"कुसुम आहे."

"कुसुमची वेणीसुद्धा मला घालता येत नाही."

ते बोटांवरची शाई पुसत राहिले. मग एकदम म्हणाले, "त्या दिवशी परत का फिरली नाहीस? हात मोडल्यावर त्या घरी जायची काय गरज होती? ती कोण तुझी?"

 हिरूबाईने तोंड दुसरीकडे केलं. मला माहीत होतं की हे भीतीने बोलताहेत. तरीही मी त्यांच्याकडे पाठ केली. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली आणि ते उठून गेले. पुढचे दोन दिवस ते आले तरी मी एक शब्द बोलले नाही. त्यांनी सही केली होती. डॉक्टरांनी कागद घेतला आणि आणखी दोन दिवस बघू म्हणाले.

ते दोन दिवस मी कसे काढले ते सांगता येणार नाही. देवाला काही मागितलं नाही. मागायला तोंडच नव्हतं. एवढंच आठवतं की नळीत पाणी सोडायला नर्स आली की मी तिचे हात बघत असे. किती सहज फिरायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. का उतरला, मोठ्या डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. त्यांनी जखम पाहिली, मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे गेले. यजमान दुपारी आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, "तिचं नाव पार्वती. मुलगा झाला तिला." त्यांनी मान खाली घातली आणि माझ्या पायांवरून चादर नीट केली.

*

पाऊस सुरू झाला आणि आगबोटी बंद झाल्या. मी इस्पितळातच राहिले. जखम भरायला सात आठवडे लागले. हिरूबाईच्या पायाचं वजन काढलं आणि ती माझ्या आधी घरी गेली. जाताना म्हणाली, "आता तुझी तू खा." मी डाव्या हाताने खायचे. पण तिने तसं म्हटलं ते बरं वाटलं.

सिस्टरने मला एक जुनं कुलूप आणि चावी दिली. दिवसभर कुलपात चावी घालून फिरवायची, हाच व्यायाम. पहिले पंधरा दिवस बोटांत चावी टिकत नसे. श्रावणात एका दुपारी मधलं बोट जरासं वर झालं. मी कोणाला सांगितलं नाही. खरंच झालं का हे बघायला पुन्हा केलं. पुन्हा झालं. तेव्हा मी चादर तोंडावर घेतली.

भाद्रपदात आगबोटी सुरू झाल्यावर घरी आले तेव्हा हात निम्मा उताणा होत होता. घास तोंडात जात होता. सासूबाईंनी पहिल्या दिवशी भात वाढला आणि समोर बसून मी जेवून उठेपर्यंत हलल्या नाहीत. कुसुम मात्र पंधरा दिवस माझ्या त्या हाताला हात लावत नव्हती. व्रण पाहून घाबरायची. मी जबरदस्ती केली नाही.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना दोनच गोष्टी सांगते. हात मोडला तर मोडीच्या वरचा आणि खालचा सांधा कोणाला तरी बघायला लावा. आणि हात उताणा होतो का, हे पहिल्याच दिवशी करून पाहा. दुखेल, तरी पाहा. मी सुईण असून पाहिलं नाही.

*

मार्गशीर्षात दवाखान्याच्या डॉक्टरांनी मला परत बोलावलं. दुसरी नर्स बाहेरगावी गेली होती. एक बाई आणली होती, पहिलटकरीण. मूल आडवं होतं. मी उकळून निववलेल्या पाण्याने आणि साबणाने हात धुतले. किती महिन्यांनी तो वास आला. मी गुडघे टेकून बसले आणि हात घातला.

मूल माझ्या बोटांना लागलं. कुठे धरायचं, कुठे वळवायचं, सगळं ठाऊक होतं. मी मनगट वळवलं. ते निम्म्यावर येऊन थांबलं. पुन्हा वळवलं. बाई कळवळली. आणखी जोर केला असता तर तो जोर मुलावर आला असता.

मी हात बाहेर काढला. पडद्याबाहेर डॉक्टर उभे होते. "माझ्याने होणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही या. आत्ता."

ते आले. मूल वाचलं, बाईही वाचली. मी कोपऱ्यात उभी राहून फडकी देत होते. सगळं आटोपल्यावर डॉक्टर म्हणाले, "अजून थोडे महिने जाऊ द्या. सुधारेल." 

दुसऱ्या दिवशी मी राजीनाम्याचा अर्ज घेऊन गेले. त्यांनी तो हातात घेतला. चार ओळींचा होता, तरी वाचायला त्यांना वेळ लागला. अक्षरं वेडीवाकडी होती, ओळी खाली घसरत गेल्या होत्या.

"कोणाकडून लिहून घेतलात?" त्यांनी विचारलं.

"मीच लिहिला," मी म्हटलं. "उजव्या हाताने."